हरळीचा वसंत

बोईसर-पालघरच्या पट्ट्यात फाल्गुन सरत आला की पहाटेचं दव कमी होतं आणि हिवाळाभर मंदावलेली हरळी पुन्हा पसरू लागते. इंग्लंडातल्या लॉनचं गवत गारव्यात वाढतं. इथल्या लॉनमधल्या हरळीला मात्र ऊन हवं. पण याच उन्हात पुढे जूनपर्यंत पावसाचा थेंब नसतो. म्हणून इथे वसंतातली सगळी मेहनत मुळं खोल उतरावीत यासाठी करायची, असं मी शिकत आले आहे.

सुरुवात दाताळ्याने. पात्यांच्या बुडाशी वाळक्या काड्यांचा दाट थर साचलेला असतो. वरून घातलेलं पाणी तो थरच पिऊन टाकतो. दाताळं हलक्या हाताने ओढलं की तपकिरी भुसकट वर येतं आणि मधून माती दिसू लागते. मग पोयटा, वाळू आणि कुजलेलं शेणखत चाळून पातळ पसरायचं. पात्यांची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत. गवत गाडलं गेलं तर पिवळं पडतं.

सर्वांत चिकाटीचं काम लव्हाळ्याचं. त्याची पात चकचकीत, खोड तीनधारी. बोटांत फिरवलं तर कडा लागतात. नुसतं उपटलं तर पात हातात येते आणि गाठ जमिनीत राहते. खुरपणीला येणाऱ्या मावशी आधी पाणी शिंपडून माती मऊ करतात, खुरपं तिरकं खुपसून गाठ सैल करतात आणि दोऱ्यासारखं मूळ धरून पुढची गाठ शोधतात. गाठी वेगळ्या टोपलीत जातात, खताच्या खड्ड्यात नाही. तिथेही त्या फुटतात.

कापणीआधी मशीनचं पातं पाजळून घ्यावं. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. दुसऱ्या दिवशी टोकं पांढरट दिसतात. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये. उन्हाळा चढला की गवत थोडं उंच ठेवावं. त्याच्या सावलीत माती सावकाश सुकते.

आणि पाणी. रोज शिंपडलं तर मुळं वरच्या इंचभर मातीतच राहतात. त्यापेक्षा चार-पाच दिवसांनी, सकाळी लवकर, भरपूर द्यावं. केव्हा द्यायचं हे हिरवळ सांगते: चालून मागे पाहावं, दबलेली पाती उठली नाहीत तर तिला तहान आहे. खाडीलगतच्या बोअरचं पाणी खारं असेल तर मातीवर पांढरा थर धरतो, त्यावरही लक्ष हवं.

मात्र नळाला येणारं पाणी सूर्या नदीचं आहे. धामणी धरणाचा तो साठा शेती, गावं, कारखाने आणि थेट वसई-विरारपर्यंत वाटला जातो. वैशाखात पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन चालत असताना मोठं अंगण हिरवंगार ठेवणं मला पटत नाही. मुलं खेळतात, माणसं बसतात तेवढाच तुकडा ओला ठेवावा. उरलेली हरळी तपकिरी होऊ द्यावी. जमिनीतली तिची खोडं जिवंत राहतात आणि पहिल्या पावसात फुटतात. नवं लॉन लावायचं असेल तर तेही जूनमध्येच. चैत्रातला पैसा खुरपणीच्या मजुरीवर आणि पातं पाजळण्यावर खर्च करावा.