संशोधनासाठी सरकारी अनुदान: दार कुठे ठोठावावे?

आरोग्य संशोधनाला सर्वांत जुना सरकारी आधार भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, म्हणजेच ‘आयसीएमआर’चा. १९११ साली ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ म्हणून सुरू झालेल्या या संस्थेला १९४९मध्ये आजचे नाव मिळाले. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था तिचीच. पण बाहेरच्या महाविद्यालयांतल्या, रुग्णालयांतल्या संशोधकांनाही ती प्रकल्प-अनुदान देते. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी तिची अल्पकालीन विद्यार्थीवृत्ती आहे: छोटा प्रकल्प, मार्गदर्शक शिक्षक, शेवटी अहवाल. जिल्ह्याच्या गावी शिकणाऱ्यांनी तर हिच्यासाठी अर्ज करायलाच हवा. नवे उपकरण किंवा निदान चाचणी सुचली असेल, तर जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणाऱ्या ‘बायरॅक’ या सरकारी संस्थेचे ‘बिग’ (बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट) अनुदान पाहा. १८ महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत. अभ्यास रुग्णांवर असेल, तर नैतिकता समितीची मंजुरी लागतेच.