घशाच्या भिंतीतल्या पिशव्या

घशाची भिंत स्नायूंची असली तरी सगळीकडे सारखी भक्कम नसते. स्नायूंचे पट्टे जिथे एकमेकांना नीट भिडत नाहीत, किंवा नसांना आणि रक्तवाहिन्यांना आरपार वाट द्यावी लागते, तिथे ती कच्ची राहते. आतून वारंवार दाब आला की अस्तर तिथून बाहेर फुगते आणि पिशवी तयार होते.

यातली सर्वांत परिचित झेंकरची पिशवी. ब्रिस्टलच्या अब्राहम लडलो यांनी तिचे वर्णन अठराव्या शतकातच केले होते. नाव मात्र लागले १८७७ मध्ये तिच्यावर सविस्तर लिहिणाऱ्या जर्मन विकृतिशास्त्रज्ञ झेंकर यांचे. अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू गिळताना पुरेसा सैल पडला नाही, तर वरचा दाब वाढतो आणि घशाच्या मागच्या भिंतीला पिशवी येते. हा आजार बहुधा साठीनंतरचा. पिशवीत साचलेले अन्न काही तासांनी जसेच्या तसे तोंडात येते, श्वासाला दुर्गंधी येते, मानेत गुडगुडते. झोपेत तेच अन्न श्वासनलिकेत उतरले तर न्यूमोनिया होतो, आणि खरा धोका तोच. बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रांत पिशवी स्पष्ट दिसते. ती आहे हे ठाऊक नसताना दुर्बीण घातली, तर टोक तिच्यात शिरून भोक पडू शकते. आता बहुतेकदा तोंडावाटेच पिशवी आणि अन्ननलिका यांच्यामधला पडदा कापतात; अडवणारा स्नायू त्या पडद्यातच असल्याने मूळ कारणही दूर होते.

दुसरा प्रकार हवेच्या पिशव्यांचा; त्या जोराने फुंकणाऱ्यांत आढळतात. नागस्वरमचे उदाहरण घ्या. सनईच्याच कुळातले, पण तिच्याहून बरेच लांब असे हे वाद्य. अशा वाद्यांत पिपाणीच्या अरुंद फटीतून हवा ढकलताना तोंडात आणि घशात मोठा दाब साठतो. सुषिर वाद्ये वाजवणाऱ्यांत घशाच्या बाजूला किंवा स्वरयंत्रापाशी हवेची पिशवी आढळल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. नेपोलियनच्या सैन्याचे शल्यचिकित्सक लारे यांनी इजिप्तमध्ये उंच स्वरात अजान देणाऱ्यांच्या गळ्यावर असे फुगवटे पाहिले होते.

फुंकताना फुगणारी आणि थांबताच बसणारी अशी पिशवी सहसा दुखत नाही, त्रास नसेल तर उपचारही लागत नाहीत. तिच्यात पू झाला तर मात्र श्वास कोंडू शकतो. स्वरयंत्राच्या पिशवीमागे क्वचित कर्करोगाची गाठही दडलेली असते, म्हणून उतारवयात अशी सूज नव्याने दिसल्यास स्वरयंत्राची दुर्बिणीने तपासणी करतात.