आदोबे आणि लाद्रियो : विटेची दोन नावे

संगणकावर छायाचित्रे वा पीडीएफ हाताळणाऱ्यांना 'अ‍ॅडोबी' हे नाव परिचित आहे. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीला ते मिळाले एका संस्थापकाच्या कॅलिफोर्नियातील घरामागून वाहणाऱ्या ओढ्यावरून. मूळ शब्द मात्र स्पॅनिश असून त्याचा उच्चार 'आदोबे' असा आहे. अर्थ आहे उन्हात वाळवलेली, न भाजलेली मातीची वीट. प्राचीन इजिप्तच्या भाषेतून हा शब्द अरबीत 'अत्-तूब' झाला, अरबांबरोबर स्पेनमध्ये आला आणि पुढे स्पॅनिशांबरोबर अमेरिका खंडात पोहोचला. तेथे मातीच्या विटांची घरे आधीपासूनच होती. नाव तेवढे नवे मिळाले.

भट्टीत भाजलेल्या विटेला स्पॅनिशमध्ये 'लाद्रियो' म्हणतात. मराठीत कच्ची आणि पक्की ही विशेषणे लावून जो भेद दाखविला जातो, त्यासाठी तेथे दोन स्वतंत्र शब्द आहेत. मेक्सिकोत मात्र भाजलेल्या विटेला अनेकदा 'ताबिके' म्हटले जाते. हाच शब्द स्पेनमध्ये उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खोल्यांमधील पातळ आडभिंत उभी राहते.

काँक्रीटचीही तीच गत. स्पेन, अर्जेंटिना आणि चिली येथे त्याला 'ओर्मिगोन' म्हणतात, तर मेक्सिको, कोलंबिया आणि पेरूमध्ये 'कोंक्रेतो'. स्पेनमध्ये 'कोंक्रेतो' म्हणजे केवळ 'नेमके, ठोस'. आपण 'सिमेंटचा रस्ता' म्हणतो तो वास्तविक काँक्रीटचा असतो. सिमेंट हा त्यातील एक घटक.

माती साच्यात भरून धुमसाने ठोकून उभारलेली भिंत म्हणजे 'तापिया'. काठ्या आणि वेताच्या सांगाड्यावर माती लिंपून केलेल्या भिंतीला पेरूमध्ये 'किंचा', तर कोलंबिया आणि एल साल्वादोरमध्ये 'बाआरेके' म्हणतात. कोकणातील कुडाच्या भिंतीशी तिचे जवळचे नाते दिसते.

हे भेद केवळ शब्दकोशापुरते नाहीत. आदोबेची भिंत जड असते आणि ताण सहन करू शकत नाही. जमीन हादरली की ती एकाएकी फुटून कोसळते. किंचा हलकी आणि लवचीक असल्याने हेलकावे पेलते. १७४६ च्या भूकंपाने लिमा शहर उद्ध्वस्त झाल्यानंतर तेथे वरच्या मजल्यांसाठी किंचाचा वापर वाढला, तो याच कारणाने. १५ ऑगस्ट २००७ रोजी पेरूच्या पिस्को परिसरात झालेल्या भूकंपात पाचशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. हजारो घरे जमीनदोस्त झाली आणि त्यांत आदोबेच्या घरांचे प्रमाण मोठे होते.

पेरूमध्ये विटा आणि काँक्रीटच्या बांधकामाला 'मातेरियाल नोब्ले', म्हणजे 'उमदे साहित्य', असे म्हणतात. मातीच्या घरात राहणाऱ्याला या शब्दाने आपली पायरी कळते, आणि पैसे साठले की तो प्रथम विटा विकत घेतो. परंतु पोलादी सळ्यांविना, जाणकार गवंड्याविना रचलेली पक्की वीटही भूकंपात तग धरत नाही. उलट जाळी वा वेताचा आधार दिलेली मातीची भिंत रहिवाशांना बाहेर पडण्याइतका अवधी देऊ शकते, हे लिमातील कॅथॉलिक विद्यापीठाच्या प्रयोगांनी दाखविले आहे. साहित्याचे उमदेपण नावात नसते. ते बांधणीत असते.