विषुववृत्त आणि उष्ण कटिबंध : सिद्धेश्वरच्या अक्षांशावरून एक विवेचन

प्रस्तावना

विषुववृत्त आणि उष्ण कटिबंध या संज्ञा अध्यापनात वारंवार एकत्र येतात. त्यामुळे ‘उष्ण कटिबंध म्हणजे विषुववृत्तालगतचा प्रदेश’ असा समज अनेकदा पदवी स्तरापर्यंत टिकून राहतो, आणि आपल्या हवामानाचे आकलनही सदोष होते. प्रस्तुत लेखात हा भेद हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वरच्या आधारे स्पष्ट केला आहे. औंढा नागनाथ तालुक्यातील पूर्णा नदीवरील धरणामुळे परिचित असलेले हे ठिकाण सुमारे १९.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. विषुववृत्त येथून सुमारे २,१७० किलोमीटर दूर आहे, कर्कवृत्त मात्र सुमारे ४२५ किलोमीटरवर. तरीही सिद्धेश्वर, किंबहुना संपूर्ण महाराष्ट्र, उष्ण कटिबंधातच मोडतो.

संकल्पनांचे स्वरूप

विषुववृत्त ही रेषा आहे, तर उष्ण कटिबंध हा पट्टा. दोन्ही ध्रुवांपासून समान अंतरावर असलेले, सुमारे ४०,०७५ किलोमीटर लांबीचे विषुववृत्त पृथ्वीच्या परिवलनातून निश्चित होते. कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या दरम्यानचा उष्ण कटिबंध मात्र पृथ्वीच्या आसाचा सुमारे २३.४ अंशांचा कल आणि परिभ्रमण यांच्या संयोगातून निर्माण होतो. आस कललेला नसता तरी विषुववृत्त राहिलेच असते. कर्कवृत्त व मकरवृत्त यांना मात्र स्वतंत्र अस्तित्व उरले नसते. दोहोंतील मूलभूत भेद हाच होय.

हा कल स्थिर नाही. सुमारे ४१,००० वर्षांच्या चक्रात तो साधारणतः २२.१ ते २४.५ अंशांदरम्यान बदलतो. सध्या तो घटत असल्याने दोन्ही वृत्ते दरवर्षी सुमारे १५ मीटरने विषुववृत्ताकडे सरकत आहेत. भारतीय सिद्धान्तग्रंथांत सूर्याची परमक्रांती २४ अंश मानलेली आढळते.

संज्ञांच्या गोंधळाला भाषाही काही अंशी कारणीभूत आहे. इंग्रजीतील ‘ट्रॉपिक’ हा शब्द वृत्तासाठी आणि अनेकवचनात पट्ट्यासाठीही वापरला जातो. त्याच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वळणे’ असा आहे. सूर्य जेथून माघारी वळतो ती ही रेषा. मराठीत वृत्त आणि कटिबंध असे स्वतंत्र शब्द उपलब्ध असल्याने ते काटेकोरपणे वापरणे इष्ट ठरते.

मध्यान्हीच्या सूर्याची साक्ष

विषुववृत्तावर सूर्य मार्च व सप्टेंबरमधील संपातदिनी, म्हणजे सुमारे सहा महिन्यांच्या अंतराने, माथ्यावर येतो. कर्कवृत्तावर तो वर्षातून एकदाच, २१ जूनच्या सुमारास येतो. सिद्धेश्वर येथे ही स्थिती दोनदा येते : १८-१९ मे आणि २५ जुलैच्या सुमारास. या दोन तारखांच्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या उत्तरेस असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र येथील मध्यान्हसूर्य क्षितिजापासून केवळ ४७ अंश उंचीवर असतो व उभ्या काठीची सावली जवळजवळ काठीइतकी लांब होते. विषुववृत्तावर मध्यान्हीची उंची कधीही ६६.६ अंशांखाली जात नाही.

पंचांगपरंपरेतील ‘पलभा’ हेच सांगते. संपातदिनी मध्यान्ही बारा अंगुळांच्या शंकूची जी सावली पडते, ती त्या स्थळाची पलभा. सिद्धेश्वरची पलभा सुमारे सव्वाचार अंगुळे येते. विषुववृत्तावर ती शून्य असते. म्हणूनच तेथील प्रदेशास ‘निरक्ष देश’ म्हटले गेले.

हवामानावरील परिणाम

विषुववृत्तावर दिवस वर्षभर सुमारे बारा तासांचा असतो. सिद्धेश्वर येथे तो हिवाळ्यात सुमारे अकरा तास, तर उन्हाळ्यात सुमारे सव्वातेरा तासांपर्यंत बदलतो. पर्जन्यातील फरक याहून महत्त्वाचा आहे. विषुववृत्तालगतच्या सिंगापुरात बाराही महिने पाऊस पडतो. मराठवाड्यात मात्र अभिसरण पट्टा उत्तरेकडे सरकल्यावर, प्रामुख्याने जून ते सप्टेंबरमध्येच तो पडतो. मे महिन्यात निरभ्र आकाशामुळे माथ्यावरचा सूर्य भाजून काढतो. जुलैत तोच सूर्य ढगांआड असल्याने तापमान उतरलेले असते. चार महिन्यांचे पाणी बारा महिने पुरवावे लागते, म्हणूनच पूर्णेवर येलदरी आणि तिच्या खालच्या बाजूस सिद्धेश्वर येथे जलाशय उभारावे लागले. ‘उष्ण कटिबंधीय’ म्हणजे ‘बारमाही पावसाचे’ असे मानणाऱ्यास या धरणांची निकड उमगणार नाही.

निष्कर्ष

विषुववृत्त परिवलनाचे, तर उष्ण कटिबंध आसाच्या कलाचे फलित आहे. उष्ण कटिबंधात असणे म्हणजे विषुववृत्तीय असणे नव्हे. हा भेद महाविद्यालयाच्या प्रांगणात एका उभ्या काठीच्या साहाय्याने दाखविता येतो. जुलैमधील शून्य सावली बहुधा ढगांमुळे दिसत नाही. त्यामुळे मार्च, मे व डिसेंबरमधील मध्यान्हीच्या तीन नोंदी घ्याव्यात. त्यांतून विद्यार्थ्यांना आपले अक्षांश आणि आपला कटिबंध दोन्ही स्वतः पडताळून पाहता येतील.