सांगणे आणि कळविणे

महाविद्यालय म्हटले की आपल्या मनात तरुणांचा मेळावा उभा राहतो. ‘बालक’ हा शब्द आपण शाळेच्या फाटकापाशीच ठेवून पुढे येतो. कायद्याचे गणित मात्र वेगळे आहे. अठरा वर्षे पुरी न झालेली कोणतीही व्यक्ती त्याच्या दृष्टीने बालकच होय. मग तिच्या खांद्यावर शाळेचे दप्तर असो, की गळ्यात कॉलेजचे ओळखपत्र असो. बंगळूर शहरात मल्लेश्वरम्, बसवनगुडी, जयनगर अशा भागांतून रोज सकाळी पदवीपूर्व वर्गांना जाणारी मुले बहुधा सोळा-सतरा वर्षांची असतात. महाराष्ट्रात अकरावी-बारावीचे जे कनिष्ठ महाविद्यालय, तेच येथे ‘पी. यू. कॉलेज’. तेव्हा बालकांवरील अत्याचार ओळखण्याचे आणि कळविण्याचे शिक्षण कॉलेजातील नोकरवर्गाला कशाला हवे, हा प्रश्न मुळातच टिकत नाही. ते कसे द्यावे, एवढाच विचार करावयाचा उरतो.

हा विषय अपवादात्मक आहे, अशी समजूत करून घेण्यासही जागा नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी १३ राज्यांतील १२,४४७ मुलांकडे चौकशी करण्यात आली होती. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे शेकडा ५३ मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचे सांगितले. त्रास देणारे पुष्कळदा ओळखीचे आणि विश्वासातलेच होते, आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितलेली नव्हती. या पार्श्वभूमीवर २०१२ साली लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा झाला. ‘पोक्सो’ या नावाने सर्वांना परिचित असलेला हा कायदा त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला, बालदिनी, अमलात आला.

या कायद्याचे १९ वे कलम प्रत्येक शिक्षकाने आणि शिपायाने समजून घ्यावे असे आहे. असा गुन्हा घडल्याचे ज्याला ठाऊक आहे, किंवा तो घडेल अशी भीती ज्याला वाटते, अशा कोणत्याही व्यक्तीने ती माहिती विशेष बाल पोलीस पथकाला अथवा स्थानिक पोलिसांना दिली पाहिजे, असे ते कलम सांगते. ‘कोणतीही व्यक्ती’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. कायद्याने हे कर्तव्य कचेरीवर टाकलेले नाही, की केवळ प्राचार्यांवरही टाकलेले नाही. ते ज्याला कळले त्याच्यावर टाकले आहे. माहिती न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद व दंड होऊ शकतो.

सरकारी नोकरीत उमेदीची वर्षे घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला ‘वरिष्ठांच्या निदर्शनास आणून दिले आहे’ हे वाक्य चांगले परिचयाचे आहे. कागद वर गेला की खालच्याचे मन हलके होते. बालकांच्या बाबतीत मात्र हेच वाक्य सर्वांत घातक ठरते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात २००१ साली एका साहाय्यक प्रशिक्षकाने, फुटबॉल संघाच्या एका माजी प्रशिक्षकाचे लहान मुलाशी चाललेले गैरवर्तन स्नानगृहात पाहिले. त्याने ते आपल्या मुख्य प्रशिक्षकाला सांगितले. मुख्य प्रशिक्षकाने क्रीडासंचालकाला सांगितले. तेथून गोष्ट विद्यापीठाच्या अध्यक्षांपर्यंत पोहोचली. प्रत्येकाने आपल्या वरच्याला सांगितले आणि पोलिसांना कोणीच कळविले नाही. २०११ साली प्रकरण उघडकीस आले. पुढच्या वर्षी त्या माजी प्रशिक्षकावर ४५ आरोप शाबीत झाले, आणि २०१७ साली विद्यापीठाचे तीन माजी वरिष्ठ अधिकारीही दोषी ठरले. त्या राज्याने २०१४ साली आपला कायदा बदलला. आधी कर्मचाऱ्याने संस्थाप्रमुखाला सांगितले की त्याचे काम संपत असे. आता ज्याला संशय येतो त्याने स्वतःच शासनयंत्रणेला कळविले पाहिजे, असा दंडक झाला. सांगणे आणि कळविणे यांतील अंतर त्या राज्याला फार मोठी किंमत देऊन समजले.

आपल्याकडेही हा धडा वेगळा नाही. बंगळूरमधील एका खाजगी शाळेत सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाल्याचे २०१४ च्या जुलैत उघड झाले, तेव्हा हजारो पालक रस्त्यावर आले. त्यांचा रोष जितका गुन्हेगारांवर होता, तितकाच संस्थेच्या मौनावर होता. बदलापूर येथे २०२४ च्या ऑगस्टमध्ये तेच घडले. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका वसतिगृहाचे प्रकरण तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. वसतिगृहातील मुलींवर उपचार करण्यासाठी नेमलेल्या डॉक्टरने अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना दिली नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धची कारवाई रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी ती पुन्हा चालू केली, आणि माहिती असूनही न कळविणे हा गंभीर गुन्हा आहे, असे बजावले.

मग हे प्रशिक्षण द्यावयाचे कोणाला? अध्यापकांना तर द्यावेच. परंतु मुले जेथे एकटी सापडतात तेथे अध्यापक क्वचितच असतो. तेथे असतात वसतिगृहाच्या अधीक्षिका, प्रयोगशाळेतील सेवक, ग्रंथपाल, व्यायामशिक्षक, बसचालक, पहारेकरी आणि कंत्राटदाराची माणसे. २०२० साली या कायद्याखाली जे नियम झाले, त्यांत ही गोष्ट ओळखली गेली आहे. मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या सर्व नोकरवर्गाची, तो शिकविणारा असो वा नसो, कायम असो वा कंत्राटी, ठरावीक मुदतीने पोलीस पडताळणी करून घ्यावी आणि त्यास बालसुरक्षेचे प्रशिक्षण वेळोवेळी द्यावे, असे ते नियम सांगतात.

प्रशिक्षणाचा पहिला भाग ओळखण्याचा. हसरी मुलगी एकाएकी अबोल होणे, चांगल्या विद्यार्थ्याचे गुण घसरणे, सुट्टी लागली तरी घरी जाण्यास टाळाटाळ करणे, एका विशिष्ट व्यक्तीचे नाव निघताच चेहरा उतरणे, अंगावरील खुणांचे न पटणारे कारण सांगणे, कोणाकडून तरी महागड्या भेटवस्तू अथवा मोबाइल मिळणे, ही सारी लक्षणे होत. त्यांपैकी एकही लक्षण पुरावा नव्हे. परीक्षेची धास्ती किंवा घरातील आजारपण यांमुळेही मूल कोमेजते. परंतु लक्षण दिसले तर विचारपूस केलीच पाहिजे, इतका त्याचा अर्थ निश्चित आहे.

दुसरा भाग ऐकण्याचा, आणि तो अधिक अवघड आहे. मूल बोलू लागले की ‘मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. ‘तू तेथे गेलीसच कशाला?’ हा प्रश्न तर जिभेवरही येता कामा नये. उत्तर सुचविणारे प्रश्न विचारू नयेत. तपास करणे हे आपले काम नव्हे. मूल जे म्हणाले ते त्याच्याच शब्दांत, तारीख व वेळ घालून, त्याच दिवशी लिहून ठेवावे. आरोप ज्याच्यावर आहे त्याला बोलावून समोरासमोर करणे, किंवा चार अधिकाऱ्यांपुढे मुलाला चार वेळा तीच हकीकत सांगावयास लावणे, म्हणजे जखमेवरील खपली पुन्हा पुन्हा काढणे होय.

तिसरा भाग कळविण्याचा. येथे कॉलेजांत एक घोटाळा हमखास होतो. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती असते आणि तिला चौकशीसाठी ९० दिवसांची मुदत मिळते. सतरा वर्षांच्या मुलीची तक्रारही या समितीकडे सोपवून संस्था निश्चिंत होते. समितीने आपले काम अवश्य करावे. परंतु बालकाच्या बाबतीत पोलिसांना कळविण्यास ते पर्याय होऊ शकत नाही. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावरही मदत मिळते. माहिती मिळाल्यावर पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवावयाचे असते. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. बंगळूरमध्ये शिकावयास आलेल्या मराठी मुलांच्या दृष्टीने आणखी एक तरतूद मोलाची आहे: मुलाला न समजणाऱ्या भाषेत नोंद होत असेल, तर दुभाषी पुरविण्यात आला पाहिजे. बेळगाव किंवा सोलापूरकडील मुलीला असे दुःख मायबोलीतच सांगता येणार, हे सांगावयास का पाहिजे?

या वाटेवर खऱ्या अडचणीही आहेत. तक्रार खोटी निघाली तर काय, ही भीती पुष्कळांना असते; परंतु सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे कायद्यानेच म्हटले आहे. याहून बिकट प्रश्न सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या परस्परसंमतीच्या संबंधांचा आहे. कायद्याच्या लेखी तेथे संमतीला अर्थ नाही, आणि त्यामुळे कधी कधी समवयस्क मुलगाच आरोपी ठरतो. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने २०२२ साली विधी आयोगाला या वयोमर्यादेचा विचार करण्यास सुचविले होते. आयोगाने २०२३ च्या अहवालात वय कमी करू नये असाच अभिप्राय दिला. अशा प्रसंगी शिक्षकाच्या मनाची ओढाताण होते, हे प्रशिक्षणात मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे. ते टाळले, तर शिकलेला नियम माणूस ऐन वेळी गुपचूप बाजूला ठेवतो.

बंगळूरचे भाग्य असे की या कामास लागणारे ज्ञान शहरातच आहे. निम्हान्स या संस्थेत बालमानसोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे, आणि संकटातील मुलांसाठी काम करणाऱ्यांना शिकविणारा ‘संवाद’ हा राष्ट्रीय उपक्रम २०२० पासून तेथेच चालतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या बालक व कायदा केंद्राने कर्नाटक, महाराष्ट्र आदी राज्यांतील विशेष न्यायालयांच्या कामकाजाचा अभ्यास केला आहे. दर वर्षी सत्रारंभी दोन दिवस काढून अशा जाणकारांना बोलावणे, हे कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचे नाही.

त्या दोन दिवसांचे फळ प्रमाणपत्रांच्या संख्येवरून मोजू नये. एखाद्या रात्री वसतिगृहाच्या ओट्यावर बसून रडणारी मुलगी पाहून पहारेकऱ्याने अधीक्षिकेला हाक मारली, अधीक्षिकेने तिचे ऐकून घेतले आणि प्राचार्यांच्या परवानगीसाठी सकाळची वाट न पाहता स्वतः दूरध्वनी उचलला, तर ते शिक्षण कामी आले असे समजावे.