गिटारचा आवाज फिरवणारी चौकडी

गिटारचा सूर गोल गोल फिरल्यासारखा, लाटेवर तरंगल्यासारखा ऐकू येतो, तेव्हा वादकाच्या पायाशी बहुधा फेजर नावाचे पेडल असते. त्यातले गाजलेले ‘फेज ९०’ अमेरिकेतील रॉचेस्टर येथे एमएक्सआर कंपनीने १९७४ साली काढले. कंपनी काढणारे टेरी शेरवूड आणि कीथ बार हे दोघे मित्र आधी स्टिरिओ दुरुस्त करायचे. वर एकच बटण, आत ९ व्होल्टची बॅटरी. एडी व्हॅन हेलनसारख्या वादकाने ते नावारूपाला आणले.

ट्रान्झिस्टर म्हटला की आवाज मोठा करणारा पुर्जा, अशी आपली समजूत. (रेडिओलाच आपण ट्रान्झिस्टर म्हणत आलो!) या पेडलातले चार ट्रान्झिस्टर मात्र आवाज मोठा करीतच नाहीत. ते ‘एफईटी’ जातीचे आहेत. रबरी नळी पायाखाली दाबली की पाणी कमी येते, तसे त्यांच्या गेट नावाच्या पायावरचे व्होल्टेज बदलले की आतला रेझिस्टन्स कमीजास्त होतो. म्हणजे हात न लावता फिरणारी चार बटणेच ती.

प्रत्येकाच्या जोडीला एक कंडेन्सर आणि एक आयसी. या टप्प्यातून जाताना आवाजाची पातळी तीच राहते, पण त्याची लाट थोडी मागे सरकते. किती, ते सुराच्या उंचीवर ठरते. चार टप्पे ओलांडलेला आवाज मग मूळ आवाजात मिसळतात. एकाचा चढ नि दुसऱ्याचा उतार एकाच वेळी आला की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. आम्हा जमाखर्चवाल्यांच्या भाषेत, जमा तितकेच नावे, बाकी शून्य! चार टप्प्यांमुळे अशा दोन जागा तयार होतात. गेटवरचे व्होल्टेज एक संथ झोके देणारे सर्किट सतत हलवत असते, म्हणून त्या जागाही वरखाली सरकतात. तेच आपल्याला फिरणे वाटते.

मात्र चौघांनी बरोबरीने चालायला हवे. अडचण इथेच आहे. मूळ पेडलातल्या २एन५९५२ या एकाच नंबरचा एक नग १.३ व्होल्टला बंद होतो, तर दुसरा ३.५ व्होल्टपर्यंत तग धरतो. एक जळाला म्हणून त्याच नंबरचा सुटा आणून बसवला, तर आवाज नीट फिरेलच असे नाही. मग चांगले पेडल भंगारात जाते.

घरात कुणाचे फेजर फिरेनासे झाले, तर आधी आतला छोटा प्रीसेट पाहावा. मूळ जागेवर शाईची खूण करून तो हळूहळू फिरवावा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते. ट्रान्झिस्टर बदलणे भागच असेल, तर दहा-बारा नग आणून तपासावेत. ड्रेन ९ व्होल्टच्या प्लसला, गेट मायनसला, सोर्स १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून मायनसला जोडावा आणि रेझिस्टरवरचे व्होल्टेज मल्टिमीटरने टिपून घ्यावे. हात लावून नग गरम झाला तर आकडा हलतो, म्हणून जरा थांबावे. ज्या चौघांचे आकडे सर्वांत जवळ, ते चार बसवावेत व प्रीसेट पुन्हा लावून घ्यावा.