वढूची नोंदवही

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर कोरेगाव भीमापासून आत वळले की शिरूर तालुक्यातले वढू बुद्रुक लागते. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे महाराष्ट्र या गावाला ओळखतो. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या देशोदेशीच्या संशोधकांना ते आणखी एका कारणाने ठाऊक आहे. जन्म, मृत्यू, गर्भारपण आणि स्थलांतर यांची एक नोंदवही इथे घरोघर जाऊन भरली जाते. तिला आता वीस वर्षे उलटून गेली आहेत.

रोग रोखायचा तर अशी नोंदवही का लागते? दवाखान्यात आलेला रुग्ण मोजता येतो. न आलेल्याला कोण मोजणार? शंभर बाळांना जुलाब झाले एवढे कळून भागत नाही. ती शंभर किती बाळांपैकी, लस मिळालेली किती, न मिळालेली किती, हे समजल्याशिवाय लस लागू पडली की नाही ते सांगता येत नाही. हे उत्तर गावातच मिळते, तेही पुन्हा पुन्हा त्याच उंबऱ्यावर जाणाऱ्याला.

वढूत हे घडले, कारण तिथे आधी दवाखाना आला आणि प्रश्नावली नंतर. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७०च्या दशकात या परिसरात ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. गावातल्याच माणसांना शिकवून आरोग्यसेवक करायचे, बाळंतपण आणि लसीकरण दारापर्यंत न्यायचे, अशी त्यांची रीत. शेजारच्या जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७०पासून त्याच वाटेने निघाले होते. आरोळे दांपत्याला १९७९मध्ये आणि कोयाजींना १९९३मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा मोलाचे असे काही मागे उरले: लोकांची ओळख. पुढच्या साऱ्या संशोधनाने त्याच ओळखीच्या बळावर दारे ठोठावली.

१९९३मध्येच केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर आणि कॅरोलिन फॉल त्यात सहभागी होते. पैसा ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचा होता. पण अभ्यास उभा राहिला तो गावात फिरणाऱ्या कार्यकर्त्यांवर. विवाहित स्त्रियांच्या घरी दर महिन्याला जाऊन पाळीची तारीख विचारायची, दिवस राहिले की आहाराची नोंद करायची, बाळ जन्मले की ७२ तासांच्या आत मापे घ्यायची. बाळंतपण माहेरी झाले तर तिथे पोचायचे.

त्यातून हाती आलेले चित्र जगाला नवे होते. इथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. वजन कमी, स्नायू कमी. चरबी मात्र त्या मानाने टिकून. वरून बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाला मधुमेह लवकर का गाठतो, याचा एक धागा थेट आईच्या पोटापर्यंत गेला. गर्भारपणात पालेभाज्या, फळे, दूध वारंवार खाणाऱ्या स्त्रियांची बाळे आकाराने मोठी होती. जवळजवळ दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. २०१२मध्ये याच मुलामुलींना, ती वयात आल्यावर, बी-१२च्या गोळ्या देऊन पुढच्या पिढीची बाळे तपासायचा प्रयोग सुरू झाला. दोन दशके त्याच गावांतल्या घरांशी नाते टिकले नसते, तर हा प्रश्न विचारताच आला नसता.

वढूची मोठी नोंदवही २००२मध्ये उघडली. शिरूर आणि हवेली तालुक्यांतली २२ गावे तिच्यात आहेत. सणसवाडीसारख्या ठिकाणी कारखाने आले, भाड्याच्या खोल्या वाढल्या, परप्रांतीय कामगार आले आणि नोंदीतल्या माणसांची संख्या लाखाच्या पुढे गेली. घाना देशातल्या अक्रा शहरातून चालणाऱ्या ‘इंडेप्थ’ या जाळ्यात वढू सामील झाले. आफ्रिका-आशियातल्या अशाच लोकसंख्या-नोंदणी केंद्रांचे हे जाळे १९९८मध्ये बांधले गेले. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांच्या तब्येतीचा अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेसह झाला, तेव्हा बांगलादेशातले मतलब, घानातले नवरोंगो, दक्षिण आफ्रिकेतले अगिनकोर्ट अशा आठ ठिकाणी एकाच पद्धतीचे प्रश्न विचारले गेले. त्यांत वढू होते. प्रश्न सारखे असल्यामुळे शिरूरच्या आजीची गुडघेदुखी नवरोंगोच्या आजीशेजारी ठेवून पाहता आली.

मग लसी. रोटाव्हॅक या भारतीय लसीचा निर्णायक प्रयोग दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथे ६,७९९ बाळांवर झाला. पुण्याची बाजू वढूने सांभाळली. पहिल्या वर्षात रोटाव्हायरसचे गंभीर जुलाब निम्म्याहून अधिक कमी झाले. २०१६पासून ही लस राष्ट्रीय लसीकरणात आली. २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीत पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आणि वढू यांनी मिळून गावातल्या किती माणसांना फ्लूमुळे रुग्णालयात भरती व्हावे लागते, हे मोजले.

मनासारखे उत्तर न देणारा प्रयोगही इथल्या मातीत झाला. गोवराची लस सुईऐवजी वाफाऱ्यासारखी नाका-तोंडावाटे द्यावी, म्हणून पुणे जिल्ह्यातल्या गावांत २,००४ बाळांवर चाचणी झाली. सुईने लस दिलेल्या सुमारे ९५ टक्के बाळांत प्रतिकारशक्ती दिसली, फवाऱ्याने दिलेल्यांत सुमारे ८५ टक्के. फवारा कमी पडला, आणि तसे २०१५मध्ये जगापुढे मांडले गेले. ज्या आयांनी बाळे पुढे केली, त्यांच्या विश्वासाचा मान असाच राखायचा असतो.

हा मान राखण्याची दुसरी रीत म्हणजे निष्कर्ष गावाला परत देणे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवली. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासाची पद्धत पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामात उतरली. निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकात छापून थांबले, तर शिरूरच्या सुनेला पालेभाजीचे महत्त्व कळणार कसे? ते ग्रामसभेत, अंगणवाडीत, मराठीत सांगितले गेले पाहिजेत.

आणि नोंदणीचे जाळे पसरलेही पाहिजे. भीमेपलीकडचा दौंड तालुका वढूच्या २२ गावांत नाही. तिथे ऊस, गुऱ्हाळे, पाटसचा साखर कारखाना, कुरकुंभची रासायनिक वसाहत आणि रेल्वेचे मोठे जंक्शन. म्हणजे माणसांची सततची ये-जा. दिवाळी सरली की ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी उठतात. त्यांची लेकरे गावाकडच्या यादीत असतात, फडावरच्या यादीत नसतात. सहा महिन्यांनी फिरणारी नोंदणीसुद्धा त्यांना चुकवू शकते.

दौंडला उपजिल्हा रुग्णालय आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, आशाताई आहेत. भीमेच्या अलीकडे पन्नास वर्षांचा अनुभव आहे. दोन्ही जोडायचे तर पहिली फेरी गाळप हंगामात, फडावर निघायला हवी. सोबत लसींचा डबा असावा, मुकादमाऐवजी आईची संमती घेतली जावी आणि बाळाची नोंद तिच्या मूळ गावच्या आशाताईपर्यंत पोचावी. त्या बाळांपैकी किती जणांच्या लसी पूर्ण झाल्या, हा आकडा हंगाम संपायच्या आत दौंडच्या पंचायत समितीपुढे आणि कोप्यांवरही वाचून दाखवला पाहिजे.